राजेसाहेबांच्या मिशीचं स्टिकर

बोरखेडच्या राजेसाहेबांची मिशी भर बाजारात निघून लोंबू लागली. खरी नव्हे, जीपच्या दारावरची! शहरातल्या कारागिराने त्यांच्या फोटोचं स्टिकर अगदी मिशीच्या केसांवरून कापलं होतं. वारा लागताच टोकदार कडा सुटल्या आणि अर्धी मिशी जीपभर फडफडली. लोक तोंडाला रुमाल लावून बघत राहिले.

बोरखेडचं राज्य कधीच गेलं होतं. उरले होते राजेसाहेब, त्यांचा हुकूम झेलणारे दिवाणजी आणि बाजारपेठेतले गाळे. त्यातल्याच एका गाळ्यात नंदा लोहारचं रेडियमचं दुकान होतं. गाड्यांवर नावं आणि चित्रं चिकटवून ती पोट भरायची.

दुसऱ्याच दिवशी दिवाणजी तिच्याकडे नव्या स्टिकरचा हुकूम घेऊन आले. मिशीचा एक केस कापला जाता कामा नये, मिशीबाहेर कसलीही पट्टी येता कामा नये, आणि टोकं कधीही सुटता कामा नयेत. यातलं एक जरी चुकलं तरी गाळा रिकामा! हे तिन्ही एकदम कसं जमायचं, हे दिवाणजींना ठाऊक नव्हतं. हुकूम देणाऱ्याला ते ठाऊक असावं लागत नाही.

नंदा घाबरली. दुकान गेलं तर खाणार काय? पण हात थांबवून चालणार नव्हतं. तिने राजेसाहेबांचा चेहरा छापून तारेवर वाळत घातला. दिवाणजींना घाई. आत्ताच काप म्हणाले.

"शाई अजून कच्ची हाय. आज कापलं तर कडा गोळा हुतील," नंदा म्हणाली.

दिवाणजींनी खात्री करायला बोट लावलं. राजेसाहेबांचं नाक गालावर गेलं! पुन्हा छापावं लागलं, आणि नवं चित्र वाळेपर्यंत दिवाणजी हात मागे बांधून बसले.

मग नंदाने आपली युक्ती केली. मिशीभोवती तिने जीपच्याच हिरव्या रंगाची पट्टी छापली होती. हा रंग कापायच्या रेषेच्याही थोडा बाहेर नेला होता, म्हणजे मशीनची सुरी जराशी सरकली तरी पांढरी कड दिसणार नाही. कापताना तिने कुठेही टोक ठेवलं नाही, सगळी वळणं गोल घेतली. स्टिकर दारावर बसलं आणि हिरव्यात हिरवं मिसळून गेलं. मिशी केसाकेसानिशी झळकली.

राजेसाहेब खूश! पण दिवाणजींना ते नाक विसरता आलं नव्हतं. त्यांनी दाराशी डोळा लावून, नख फिरवून पट्टी शोधून काढली. मिशीबाहेर पट्टी, म्हणजे हुकूम मोडला. राजेसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी गाळा रिकामा करायला सांगितलं.

नंदा म्हणाली, "करते, महाराज. पण आधी आपल्या बंगल्याचं कुंपण आत घ्या."

राजेसाहेबांनी विचारलं, "कुंपणाचा काय संबंध?"

"कुंपण मोजणीच्या दगडाबाहेर रस्त्यावर आलंय. गावानं विचारलं तवा आपणच म्हणाला, नेमक्या हद्दीवर रोवलं आन् खांब जरा सरकला तर माझीच जागा जायची, म्हणून थोडं बाहेर घेतलं. मी बी मिशीसाठी तेच केलं. माझी पट्टी चूक असंल तर आपलं कुंपण बी चूक. सांगा, आधी काय काढू?"

राजेसाहेबांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी जीपच्या चाकाकडे पाहू लागले. मग राजेसाहेब असे हसले, की दारावरची आणि तोंडावरची अशा दोन्ही मिशा एकदम पसरल्यासारख्या वाटल्या!

"पोरी, पट्टी राहू दे," ते म्हणाले, "आणि गाळा आजपासून तुझा."

त्याच आठवड्यात गाळा नंदाच्या नावावर झाला. कुंपण मात्र अजून रस्त्यावरच आहे.