चाळीस स्वेटरांचे गोळे

वसतिगृहातल्या चाळीस मुलींचे स्वेटर विणून द्वारकाबाईंची बोटं आखडून गेली होती. महिनाभरातच स्वेटरांवर लोकरीचे बारीक गोळे आले आणि वसतिगृहाचे अध्यक्ष भाऊसाहेब तावातावाने त्यांच्या दारात आले.

"बाई, तुमचं विणकामच ढिसाळ! सगळे उसवून पुन्हा विणा, नाहीतर पुढचं काम बंद."

द्वारकाबाईंनी सुस्कारा टाकला. गुळगुळीत, घट्ट पिळाची लोकर आणा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. पण भाऊसाहेबांनी दुकानात लोकर गालाला लावून पाहिली आणि सैल पिळाची, मऊ मऊ तीच उचलली.

वाद घालायचं त्राण बाईंत उरलं नव्हतं. त्यांनी त्याच लोकरीचा उरलेला धागा भाऊसाहेबांच्या हातात दिला.

"हा तळहातांत चोळत राहा. तोवर बोला, मी ऐकतेय."

भाऊसाहेब चोळत राहिले आणि बोलतही राहिले. बोलणं संपलं तेव्हा धाग्यावर गोळेच गोळे!

"भाऊसाहेब, यात माझा एकही टाका नाही. मग हे गोळे कुणी विणले?"

भाऊसाहेबांनी धागा हळूच खाली ठेवला.

"आता घट्ट पिळाची आणा," बाई सुया बाजूला ठेवत म्हणाल्या, "आणि जुने उसवायचेच असतील, तर तुम्हीच बसा. माझी बोटं दमलीत."