आईच्या कानातल्यांची परीक्षा

एका शहरात दागिन्यांची तपासणी करणारी प्रयोगशाळा होती आणि तिथे एक वृद्ध परीक्षक होते. धातूत निकेल किती आहे, याची त्यांना फारशी पर्वा नसे. अंगाला लागल्यावर तो धातू निकेल किती सोडतो, एवढेच ते पाहत. त्यासाठी मीठ आणि आम्ल मिसळून घामासारखे पाणी करायचे, दागिना आठवडाभर त्यात ठेवायचा आणि मग ते पाणी तपासायचे. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हेच.

त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती. निकेलशी तिचे जन्माचे वैर. पँटच्या बटणानेसुद्धा तिच्या पोटावर पुरळ उठे. चार महिन्यांपूर्वी तिची आई गेली. पहिल्या पगारातून तिने आईला कानातली घेतली होती. सणाला, बाजारात, स्वयंपाकघरात, सहा वर्षे आईच्या कानांत तीच असत. आता ती आपण घालावीत, एवढीच शिष्येची इच्छा होती. आईला बिलगता येत नाही, निदान तिचे कानातले तरी गालाला लागावे, असे तिला फार वाटे.

"सर, एवढी तपासून द्याल?" तिने विचारले.

आठवडा गेला. पाण्यात निकेल नावालाच उतरले होते. शिष्येचा आनंद गगनात मावेना. तिने हात पुढे केला, पण वृद्धांनी कानातली दिलीच नाहीत. वर्षांच्या वापराची झीज काही तासांत व्हावी म्हणून करवंटीचा भुगा भरलेल्या पिंपात त्यांनी ती टाकली आणि पिंप फिरते केले.

"सर, आईची आहेत हो ती! पास झाली ना?"

वृद्धांनी पिंप थांबवले नाही. पाच तास घासून निघालेली कानातली पुन्हा आठवडाभर त्या पाण्यात राहिली. या खेपेस निकेल मर्यादेच्या कितीतरी पट उतरले.

शिष्या संतापली. "पहिलं उत्तर चांगलं आलं होतं. तेवढ्यावर भागलं नसतं का?"

वृद्धांनी तिला खुर्चीवर बसवले. "भिंगाखाली धरलं तेव्हा कानात जाणाऱ्या दांडीवर बिनरंगाचं नेलपॉलिश दिसलं. थरावर थर. तू लावलंस?"

"नाही."

"मग आईनंच लावलं असणार. थर झिजला की कान चुरचुरायचे, ती पुन्हा लावायची. बाळ, पहिल्या आठवड्यात आपण कानातली तपासलीच नाहीत, तिचं सोसणं तपासलं. ते उत्तम होतं, म्हणून उत्तर उत्तम आलं. आपण दिलेलं कोणी हौसेनं वापरू लागलं की आपल्याला वाटतं, झालं, आवडलं. ती हौस खरीच असते गं. पण तिच्याखाली काय झाकलंय, ते देणाऱ्यानं विचारावं लागतं. घेणारा आपणहून सांगत नाही."

"मी विचारायची की," शिष्या म्हणाली. "छान दिसतात ना, असं विचारायची."

वृद्धांनी अहवालाचा कागद तिच्यापुढे सरकवला. 'वापरास अयोग्य' असे तिने आपल्या हाताने लिहिले. मग ती आईला आठवू लागली. कानातली लख्ख आठवली, त्यांचे हेलकावे, त्यांतला हिरवा खडा. त्यांच्यामागे कानांच्या पाळ्या लाल होत्या का, हे मात्र तिला काही केल्या आठवेना. आईने एकदाच, फक्त एकदाच समोर येऊन बसावे आणि आपल्याला ते पाहता यावे, असे तिला वाटत राहिले.