पाण्याखालचा भाग

एका कपाटात महायुद्धातल्या युद्धनौकांच्या वीतभर लांबीच्या धातूच्या प्रतिकृती राहत होत्या. शेजारच्या भिंतीवर एक गंजकं फावडं टांगलेलं होतं. धन्याचा आजा त्याच फावड्याने बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचा.

“उतर रे गंजक्या!” सर्वांत मोठी नौका ओरडली. “धनी तिथे आमच्यासाठी नवी फळी ठोकणार आहे. तुझं इथे काम काय?”

“आधी सांग बाई, तुझं पोट कुठाय?”

नौका हसली. “आम्हाला पाण्याच्या रेषेपर्यंतच घडवतात. खालचं कोण बघतं?”

“खालीच होता धन्याचा आजा, धाकू तांडेल, भट्टीपाशी!” फावडं कडाडलं. “बोटीला भोक पडलं, तेव्हा पाणी वर चढू नये म्हणून वरच्यांनी आमचं दार बाहेरून बंद केलं. बोट तरली, कप्तानाला पदक मिळालं. बंदरात दार उघडलं, तेव्हा धाकूच्या मुठीतून मला ओढून काढावं लागलं. आणि तू मला काम विचारतेस?”

धन्याला मात्र यातलं काहीच ऐकू आलं नाही. रविवारी त्याने फावडं भंगारवाल्याला दिलं आणि फळी ठोकली.

“माझे आजोबा याच बोटीवर होते बरं का!” मोठी नौका पाहुण्याच्या हातात देत तो अभिमानाने म्हणाला.

पाहुण्याने ती उलटी करून पाहिली. खाली साफ सपाट होतं.