खडजाईची डोणी

खडजाईच्या डोंगरावर देवळासमोर एक दगडी डोणी आहे, जनावरांना पाणी पाजायला असते तशी. शेजारी आता नळ आला आहे, पण डोणीत नळाचे पाणी कोणी घालत नाही. दमलेले पाहुणे तिच्याकडे वळले की दगडू गुरवबाबा अडवतात. "दमा जरा, हितं माणसाचा नंबर दुसरा," म्हणत ते पायरीवर बसतात आणि ठकूची गोष्ट सांगतात. त्यांनी ती आईच्या मांडीवर ऐकली होती, अजूनही सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो.

फार मागची गोष्ट. तेव्हा देवीला बकऱ्याचा मान असे. नवस फेडणाऱ्याने पाण्याचा थेंब न पिता डोंगर चढायचा, बकऱ्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि वाट पाहायची. बकऱ्याने अंग झाडले म्हणजे देवीने ते घेतले. मग सुरी.

पायथ्याच्या वाडीतली ठकू धनगरीण. एकुलती लेक काशी तापाने फणफणली तेव्हा तिने असाच नवस बोलला आणि काशी उठून बसली. नवसाचे करडू, चांद्या, जन्मताच आईविना राहिले, म्हणून ठकूनेच ते बोटाने दूध चाटवून वाढवले. "नवसाचं हाय, जीव लावू नगंस," शेजारणी म्हणत. पण जीव काय विचारून लागतो?

यात्रा चैत्रातली. डोंगरावरचे टाके आटलेले. ठकूने खालून एक तांब्या भरला, काशीचा हात धरला आणि चढली. वर पोचली तेव्हा तिची जीभ टाळूला चिकटली होती, चांद्याची गत त्याहून वाईट. सुरी चालवणाऱ्या देवीच्या भगताने खूण केली. ठकूने तांब्या उचलला, तसा चांद्या दूध मागायचा तसाच तिची बोटे चाटू लागला. तिला पाणी ओतवेना. तिने तांब्या त्याच्या तोंडाशी धरला. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला आणि मग, असे सांगतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याने अंग झाडले.

"घेतला! आईनं मान घेतला!" लोक ओरडले. भगताने सुरी काढली.

ठकू आडवी आली. "बुवा, पाणी अंगावर पडलंच न्हाई, त्याच्या पोटात गेलं. आईनं पाणी घेतलंय, बकरं न्हाई."

"आन् पोरीला काय झालं तर?" भगताने विचारले.

ठकूने काशीला जवळ ओढले. "जित्ती हाय तवर दरसाल कोरड्या तोंडानं घागर आणीन. आईला कमी पडलं तर तिनं मला न्यावं, पोरीला न्हाई."

भगताने सुरी म्यान केली. पण ठकूची परीक्षा तिथून पुढे सुरू झाली. काशी शिंकली तरी ठकू तिचे कपाळ चाचपून बघायची. पावसाळ्यात काशीला पुन्हा ताप आला, तेव्हा ती चांद्याला दाव्याने ओढत निम्मा डोंगर चढलीसुद्धा. तिथे दगडावर बसून पोटभर रडली आणि त्याला घेऊन परत आली. चौथ्या दिवशी काशीने भाकरी मागितली.

दरसाल ठकू घागर नेऊन देवळासमोरच्या डोणीत ओतत राहिली, चांद्या पीत राहिला. पुढे चांद्या म्हातारा होऊन गोठ्यातच मेला, त्याच्या जागी गावची बकरी डोणीवर येऊ लागली. मग ठकूच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्या चैत्रात काशीने घागर डोक्यावर घेतली आणि ठकूला लेकीचे पिकलेले केस दिसले. "फिटला गं बाई माझा नवस," एवढेच ती म्हणाली, म्हणे.

गुरवबाबांची आई पितळेची घागर आणायची. उन्हात ती लांबून चमकायची आणि लहानगे दगडूबाबा पायरीवरून तिची वाट पाहायचे. हल्ली बाया प्लास्टिकचे कॅन आणतात. बाबांना ते रुचत नाही, पण कॅनचे झाकण तेच उघडून देतात.

आजही चैत्रात कोरड्या ओठांची बाई डोणीत पाणी ओतते आणि बाजूला उभी राहते. बकरे पिते, अंग झाडते. मग बाबा उरलेल्या पाण्याची ओंजळ तिच्यापुढे धरतात आणि म्हणतात, "पी आता, ठकू."