दार लागल्यानंतरचं पान

"मारणारा नवरा पुढं सुधारतो की नाही, बुवा?"

दामोदरबुवा मठाच्या ओसरीत पळसाची पानं पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला काय वाटतं?"

"सुधारतो," हेरंब म्हणाला.

हेरंब वीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या म्हणजे त्याच्या हातचा मळ. त्याची धाकटी बहीण कुमुद महिन्यापूर्वी डावा हात गळ्यात बांधून माहेरी आली होती. उद्या तिचे सासरे तिला न्यायला येणार होते. हेरंबनं त्यांना शब्दही दिला होता. बुवांनी एकदा मान डोलवावी, एवढ्यासाठी तो तिला मठात घेऊन आला होता. ती खांबाला टेकून बसली होती.

हेरंबनं पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं.

"हे बघा. दीडशे वर्षांपूर्वीचं. यातला नवरा असाच. पितो, हात उचलतो. बायको चकार शब्द काढत नाही. आणि शेवटी तोच तिच्या पायाशी बसून रडतो."

"शेवटी म्हणजे?"

"पाचशे चाळिसाव्या पानावर."

"आणि मारतो कितव्या?"

हेरंब हसला. वर्गात हाच मुद्दा तो रंगवून सांगत असे.

"मारताना दाखवलाच नाही. तीच तर कला आहे, बुवा. नवरा खोलीचं दार लावतो. प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात बायको शाल गच्च लपेटून चहा ओतते. समजणाऱ्याला समजतं."

"मधलं?"

"गाळलंय."

बुवांचा हात थांबला.

त्या मठाचा एक नियम पंचक्रोशीला ठाऊक होता. पारायणात कुणाकडून ओवी गळली, तर त्याला पाटावरून उठू देत नसत. मागं जायचं, गळलेली ओवी मोठ्यानं वाचायची, मगच पुढं.

"वाच," बुवा म्हणाले. "गाळलेलं."

"अहो, ते लिहिलेलंच नाही."

"वाच."

हेरंबनं पान काढलं. घसा खाकरला.

"त्यानं तिला… म्हणजे तो तिच्यावर…"

पुढं शब्द येईना. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

बुवा उठले. त्यांनी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं आणि कुमुदच्या मांडीवर ठेवलं.

"तिला इंग्रजी येत नाही, बुवा."

"तू गप्प बस जरा."

कुमुदनं बराच वेळ पानाकडं पाहिलं… मग ती वाचू लागली. हळू, पण न अडखळता.

"त्यानं आधी रेडिओ मोठा केला. मग मनगटावरचं घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं, फुटू नये म्हणून. सासूबाई बाहेर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. हात मोडला तेव्हा तो म्हणाला, बघ, मला काय करायला लावलंस."

तिनं पुस्तक मिटलं.



"तू तर म्हणालीस, ओट्यावरून पडले," हेरंब कसाबसा म्हणाला.

"तू तसंच विचारलंस, दादा. 'पडलीस ना?' म्हणालास. मी हो म्हटलं."

हेरंब खाली बघत राहिला. पुस्तक परत घ्यायलाही त्याचा हात पुढं झाला नाही.

"उद्या ते येतील, बुवा. मी शब्द देऊन बसलोय… त्यांना काय सांगू?"

बुवा जागेवर जाऊन बसले. एक पान उचललं, उजेडात धरून पाहिलं.

"त्यांना पाणी दे. उन्हातून येतील. फक्त ते आले म्हणून हिला जागची उठवू नकोस."