कपाळावरचा चांद

रानाला अजून कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका गावात देवाच्या नावानं सोडलेला माणक्या नावाचा वळू होता. अंगानं काळाभोर, कपाळावर पांढरा चांद. परगावचा वळू शिवेवर दिसला, की माणक्या त्याला शिंगावर घेऊन पिटाळायचा. "आपलं वाण आपल्यातच राहू दे," म्हणायचा. गाईंनाही त्याचं कौतुक. होता होता कळपातल्या प्रत्येक वासराच्या कपाळावर चांद उमटू लागला.

मग जांभळी गाईला वासरू झालं. देखणं, पण आंधळं. सड शोधताना ते आईचे गुडघेच चाटत राहिलं. माणसांनी दृष्ट काढली, गळ्यात बिब्बा बांधला. गाई मात्र वासराला घेऊन माणक्याकडे आल्या.

त्यानं वासराचं कपाळ हुंगलं. "चांद माझा आहे," तो म्हणाला, "पण आंधळेपण माझं नाही. माझी नजर घारीची आहे. हा दोष आईच्या रक्तातला. हाकला हिला कळपातून."

"हाकला की, बाबा," जांभळी म्हणाली आणि तिनं मान वर केली. तिच्याही कपाळावर तोच चांद होता.

त्या संध्याकाळी शिवेवर परगावचा वळू डुरकला. माणक्यानं ऐकलं, आणि तो बसूनच राहिला.