दिवाळखोराचा दगड

फार पूर्वी इटलीतील एका व्यापारी नगरात एक वृद्ध सराफ राहत असे. त्याच्याकडे नेरी नावाचा एक तरुण शिष्य सराफी शिकायला होता. नेरीजवळ त्याच्या विधवा आईने आयुष्यभर साठवलेल्या मोहरांची थैली होती. ती व्याजाने कोणाकडे ठेवायची, हे त्याने ठरवूनही टाकले होते. चौकात मखमली झगा घालून बसणारा एक सराफ होता. तो झगाच इतका भारी, की आणखी चौकशी करणे नेरीला असभ्यपणाचे वाटले.

त्या नगरात एक विलक्षण प्रथा होती. आपल्याकडे दिवाळे निघालेला माणूस तोंड लपवतो. तिकडे त्याला लपवायला काही ठेवतच नसत. आधी त्याने शपथेवर आपली सारी मालमत्ता पंचांच्या हवाली करायची. मग भर बाजारात विजार उतरवून त्याला चौकातल्या काळ्या दगडावर उघड्या बुडाने आपटत. तेवढ्यावर उरलेले देणे माफ.

त्या दिवशी लापो नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्यावर ही पाळी आली. त्याचे जहाज मालासकट बुडाले होते. धप्प आवाज झाला आणि लोक पोट धरधरून हसले. नेरीही हसला. एवढ्यात वृद्ध गर्दीतून पुढे झाला. त्याने लापोला हात देऊन उठवले, विजारीची नाडी बांधू लागला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "लापो, उद्या ये. लोकर विकत घ्यायला पैसे उधार घेऊन जा."

नेरीला घेरी यायचीच बाकी राहिली.

"गुरुजी, अहो, ज्याची अब्रू आत्ता सगळ्या गावाने पाहिली, त्याला उधार?"

"म्हणूनच," वृद्ध म्हणाला. "बायकोच्या कुड्यांपासून स्वयंपाकघरातल्या पळीपर्यंत सारे त्याने देऊन टाकले. आता त्याच्यावर कोणाचे देणे नाही. ज्याच्याजवळ नेमके काय आहे हे मला ठाऊक आहे, असा या नगरात तो एकच माणूस."

"काय आहे त्याच्याजवळ?"

"काही नाही. पण ते पक्के. बाकीच्यांचे मला फक्त झगे दिसतात. आणि बाळा, तो दगड किती गार आहे, हे लापो जन्मात विसरायचा नाही. बरे, सगळे हसत होते तेव्हा तुझा मखमलवाला काय करत होता?"

नेरीने आठवून पाहिले. तो हसत नव्हता. दगडाकडे टक लावून, दोन्ही हातांनी आपला झगा मागून घट्ट धरून उभा होता.

आईची थैली छातीशी कवटाळून नेरी संध्याकाळी मखमलवाल्याचे दुकान टाळत, लापोच्या रिकाम्या घरी गेला. लापो भिंतीला टेकून उभा होता.

"लोकरीच्या धंद्यात भागीदार हवाय का?" नेरीने चाचरत विचारले.

"तू बस. मला आज बसता येत नाही," लापो म्हणाला. "आधी माझ्याकडे काय काय नाही, ते ऐकून घे."

यादी बरीच मोठी होती. नेरी जमिनीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि मग त्याने थैलीची गाठ सोडली.